८५ फेऱ्या आणि ५९ फेऱ्या : १५१ व्होल्टच्या एकचाकीची रेंज मोजली

वेताळटेकडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या दोन महिन्यांत इथे तिघांनी मला विचारलं, "तुमची ईयूसी (इलेक्ट्रिक युनिसायकल, उभं राहून चालवायची विजेची एकचाकी) एका चार्जमध्ये किती जाते?" तिन्ही वेळा मी विकणाऱ्याच्या पानावरचा आकडा सांगून मोकळा झालो. नंतर ते मनाला लागून राहिलं. आपल्या शब्दावर कोणी दोन-अडीच लाख घालणार असेल, तर तो आकडा आपण स्वतः मोजलेला असायला हवा. म्हणून फेब्रुवारीतले दोन शनिवार-रविवार याच कामाला दिले. लांबलचक लिहितोय, पण यातलं काही गाळावंसं वाटत नाही.

आधी व्हीलबद्दल. ३६ सेल सिरीजमध्ये आणि अशा ४ रांगा पॅरलल, म्हणजे एकूण १४४ सेल. सेल २१७०० आकाराचे, प्रत्येकी ५ अँपिअर-तास. पूर्ण चार्जला सेलमागे ४.२ व्होल्ट, म्हणून ३६ × ४.२ = १५१.२. नावातले १५१ व्होल्ट ते हे. डब्यावर २७०० वॉट-तास छापलंय. सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरला तर हिशोब १२९.६ × २० = २५९२ येतो, ३.७ धरला तर २६६४. छापणाऱ्याने अर्थातच वरचा धरून तोही वर ओढलाय. मी पुढे सगळीकडे २५९२ धरतोय.

व्हीलचं वजन ४० किलो. हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे आणि मनगटाचे गार्ड घालून मी ८२. एकूण १२२ किलो. टायर २० इंची, हवा ३४ पीएसआय, दोन्ही चाचण्यांच्या आधी स्वतःच्या गेजने तपासलेली.

जागा मुळशी रस्त्याला, पिरंगुटच्या अलीकडे. ओळखीच्या एका काकांची प्लॉटिंगची जमीन आहे. आतला डांबरी रस्ता झालाय, बंगले अजून उभे नाहीत, गेटवर वॉचमन असतो. सार्वजनिक रस्त्यावर का नाही ते स्पष्टच लिहितो, कारण नवीन मंडळी वाचतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बॅटरीवर चालणारं वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येतून सुटायचं असेल, तर मोटरची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत लागतो. माझ्या व्हीलची मोटर तीन हजार वॉटच्या वर आहे. म्हणजे नोंदणी लागणार, आणि एकचाकीची नोंदणी होईल असा वर्ग आपल्याकडे नाही. त्यामुळे ही चाचणी खासगी जागेतच.

काकांकडे मोजणीचा टेप होता. दोघांनी मिळून रस्त्याच्या मध्यातून लूप मोजला, १.३ किमी भरला. जीपीएसवर विसंबलो नाही. एवढ्याशा लूपमध्ये जीपीएस वळणं कापून मोजतो आणि अंतर कमी दाखवतो. व्हीलचा स्वतःचा ओडोमीटर उलट १.३५ दाखवत होता. किलोमीटरमागे हा फरक किरकोळ वाटतो, शंभर किलोमीटरला तो जवळजवळ चार होतो. बऱ्याच व्हिडिओंतली रेंज या ओडोमीटरवरूनच सांगितलेली असते.

थांबण्याचा नियम आधीच ठरवला होता : व्हील उभं करून, दोन मिनिटं थांबून व्होल्टेज १२२.४ (सेलमागे ३.४) किंवा त्याखाली दिसला की चाचणी संपली. तिथे अंदाजे १५ टक्के शिल्लक असते. याच्या खाली जाऊन आकडा वाढवता येतो, पण ते मला पटत नाही. का ते पुढे येईल.

पहिली चाचणी ताशी ३० किमीने. शनिवारी सकाळी सव्वासहाला सुरुवात केली, हवेत चांगला गारवा होता. ४६ फेऱ्या झाल्यावर वाहनं यायला लागली म्हणून थांबलो. थांबल्याक्षणी व्होल्टेज १३२.६ आणि ॲपमध्ये ५१ टक्के. व्हील काकांच्या शेडमध्ये तसंच ठेवलं, चार्जर लावला नाही. रविवारी सकाळी बघतो तर १३४.३ आणि ५५ टक्के. रात्रीतून चार टक्के वाढले म्हणून वॉचमनदादा माझ्याकडे संशयाने बघायला लागले. त्यांना सांगितलं तेच इथे सांगतो : चार्ज वाढला नाही, भार उतरल्यावर सेलचा व्होल्टेज वर येतो, आणि ॲपमधले टक्के व्होल्टेजवरूनच काढलेले असतात. म्हणून जोरात निघालात की टक्के खाली, थांबलात की वर. चालू असताना टक्क्यांवर भरवसा ठेवू नका.

रविवारी उरलेल्या फेऱ्या केल्या. ८५व्या फेरीला १२२.३ दिसले. ११०.५ किमी. घरी आणून चार्ज केलं तेव्हा भिंतीच्या सॉकेटवरच्या मीटरने २.४१ युनिट दाखवले. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर बॅटरीत गेले २१६९ वॉट-तास, म्हणजे किलोमीटरमागे १९.६.

पुढच्या आठवड्यात तेच सगळं, फक्त सरळ भागांत वेग ४२. त्या वेळी ५९ फेऱ्या झाल्या, ७६.७ किमी. मीटरवर २.३६ युनिट, म्हणजे किलोमीटरमागे २७.७ वॉट-तास. वेग ३० वरून ४२ केला आणि ३४ किलोमीटर गेले. आपण या वाहनावर ताठ उभे असतो, अंगावर येणारी सगळी हवा छाती घेते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दुचाकीवाला वाकून बसू शकतो, आपल्याला ती सोय नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. लूपच्या वरच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, तिथे साधारण दीडशे मीटरचा चढ. दुसऱ्या चाचणीत पाचव्या फेरीला त्या चढावर व्होल्टेज ३.१ ने खाली दबला आणि लगेच वर आला. पायाला काहीच कळलं नाही. ५७व्या फेरीला, तोच चढ, तोच वेग, आणि व्होल्टेज ७.४ ने दबला. पायाखालचे पेडल मऊ झाल्यासारखे वाटले, पुढचं टोक किंचित खाली गेलं, आणि व्हीलने तीनदा बीप दिला. मी लगेच वजन मागे घेतलं. ते अर्धं सेकंद मला अजून पायात जाणवतं.

दुचाकीची बॅटरी संपली तर ती हळू होते, आपण कडेला घेतो. इथे बॅटरी आपल्याला नुसतं पुढे नेत नाही, उभंही ठेवते. तोल राखायला मोटरला दर क्षणी हवा तेवढा जोर देता आला पाहिजे. तो देता आला नाही तर आपण तोंडावर पडतो, मध्ये दुसरी पायरी नाही. म्हणून शेवटचा साधारण एक-तृतीयांश भाग मी रेंजमध्ये धरतच नाही, तो माझ्या तोलाचा आहे.

लॉग (चाचणीची नोंद) पुन्हा काढून पाहिला. मी १२९ व्होल्टला (सेलमागे ३.५८) थांबायचं ठरवलं तर ३०च्या वेगाला ६८ फेऱ्या म्हणजे ८८ किमी, ४२च्या वेगाला ४७ फेऱ्या म्हणजे ६१ किमी. यापुढे कोणी विचारलं तर मी हे दोन आकडे सांगणार. विकणाऱ्याच्या पानावरचा आकडा याच्या दुपटीहून जास्त आहे.

चुकलं असेल तिथे सांगा. लॉगची फाइल हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मुठाकाठ

वाचनखूण साठवली. इतक्या कष्टाने मोजून इथे मांडलंत त्याबद्दल मनापासून आभार. टेपने लूप मोजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

एक शंका. स्कूटर घेताना आपण 'एआरएआय रेंज किती', म्हणजे त्या वाहन-चाचणी संस्थेने मोजलेली, असं विचारतो. तसा आकडा ईयूसीला असतो का? आणि नसेल तर विकणारे तो आकडा कुठून आणतात?

वेताळटेकडी

नाही, ईयूसीला तसा आकडा नसतो. ज्या एआरएआयच्या रस्त्याने आपण टेकडीवर फिरायला जातो, ती १९६६ पासूनची संस्था. इलेक्ट्रिक वाहनाची रेंज मोजायची पद्धत एआयएस-०४० या मानकात ठरलेली आहे. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या चक्राप्रमाणे वेग वाढवत-कमी करत चालवतात. तो आकडाही आपल्या रोजच्या रस्त्यावर मिळत नाही, पण सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लागते. म्हणून दोन स्कूटरची तुलना करता येते.

ईयूसीच्या बाबतीत अशी फूटपट्टीच नाही. साधारणपणे हलका माणूस, सपाट रस्ता, ताशी २०-२५ चा सलग वेग आणि बॅटरी पार तळापर्यंत, असं करून आकडा काढतात. तो आकडा खोटा म्हणता येत नाही, पण तसं कोणी चालवत नाही.

बॅटरीवाला भोसरी

चांगलं काम. मी ईव्हीच्या बॅटरी पॅकचंच काम करतो, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, चार्जरची ९० टक्के कार्यक्षमता तुम्ही धरली आहे, मोजलेली नाही. हे लपवलं नाहीत ते बरं केलंत. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, त्याने तुमचा निष्कर्ष बदलत नाही. दोन्ही चाचण्यांना चार्जर तोच आहे, त्यामुळे तुलना पक्की आहे.

दुसरी, आणि ही सगळ्यांसाठी. हे वाचून कोणाला वाटेल की चार्जर आणि व्हीलच्या मध्ये एक डीसी वॉटमीटर लावला की नेमका आकडा मिळेल. ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉटमीटर बहुतेक ६० व्होल्टपर्यंतचे असतात. १५१ व्होल्टला ते जळतील, आणि ते हातात असताना जळतील. गाड्यांच्या मानकांत ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की तो धोकादायक व्होल्टेजचा वर्ग मानतात. शिवाय डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. घरच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, डीसीत जातच नाही. एकदा ठिणगी लागली की ती ताणली जात राहते आणि कनेक्टर वितळतो. पॅक उघडून मल्टिमीटरच्या सुया टोचणं तर अजिबात नको. भिंतीच्या सॉकेटला मीटर लावला हेच योग्य.

हिंजवडी शटल

दादा, मी यात अगदी नवीन आहे. माझ्याकडे ८४ व्होल्टचं जुनं व्हील आहे, आणि रेंज जास्त मिळावी म्हणून १६८ व्होल्टच्या व्हीलसाठी पैसे साठवतोय. व्होल्टेज दुप्पट म्हणजे करंट निम्मा, नुकसान पाव, म्हणून रेंज जास्त, असं मी समजून चाललो होतो. धागा वाचून गोंधळलो. व्होल्टेजचा रेंजशी संबंध आहे की नाही?

दुबईला मित्र आहे, त्याच्याबरोबर विमानातून मागवायचाही विचार होता.

बॅटरीवाला भोसरी

आधी विमानाचं. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही, सामानातही नाही आणि हातातही नाही. १०० ते १६० मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. इथे आपण अडीच हजारांबद्दल बोलतोय. मित्राला अडचणीत टाकू नका.

आता व्होल्टेज. तुमचा समज फार लोकांचा असतो, म्हणून सविस्तर लिहितो. करंट निम्मा झाला की तारेतलं नुकसान पाव होतं हे बरोबर. पण सेलच्या आत काय होतं ते बघा.

धागाकर्त्यांचेच १४४ सेल घेऊ. एका सेलचा अंतर्गत रोध १४ मिलीओहम धरू. ३६ सिरीज आणि ४ पॅरलल अशी मांडणी केली तर पॅकचा रोध ३६ × १४ ÷ ४, म्हणजे १२६ मिलीओहम. पेडलवर जोर देताना ५६०० वॉट लागले आणि पॅक १४० व्होल्टला असला तर करंट ४० अँपिअर. सेलमध्ये उष्णता ४० × ४० × ०.१२६, म्हणजे २०० वॉटच्या आसपास.

तेच १४४ सेल २०च्या सिरीजमध्ये लावले असं समजू. पॅरललमध्ये सरासरी ७.२ येतात. रोध २० × १४ ÷ ७.२, म्हणजे ३९ मिलीओहम. व्होल्टेज ७८, करंट ७२ अँपिअर. उष्णता ७२ × ७२ × ०.०३९. पुन्हा २०० वॉट!

सेल तेच, लागणारी शक्ती तीच, म्हणून प्रत्येक सेलवरचा ताणही तोच. सिरीज-पॅरललची मांडणी बदलून सेलला काही फरक कळत नाही. फायदा होतो तो तारा, कनेक्टर आणि कंट्रोलरच्या मॉसफेटमध्ये (करंट चालू-बंद करणारे स्विच). तो खरा आहे, महत्त्वाचा आहे, पण रेंज दुप्पट करणारा नाही. रेंज ठरते एकूण वॉट-तास, वेग आणि वजन यांवर. १६८ व्होल्टचं १५०० वॉट-तासांचं व्हील ८४ व्होल्टच्या १५०० वॉट-तासांच्या व्हीलइतकंच जाईल, थोडंफार इकडेतिकडे.

वेताळटेकडी

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. मी त्यात एक जोडतो : मग जास्त व्होल्टेज कशासाठी?

मोटर फिरताना स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. वेग वाढतो तसा तो वाढतो. बॅटरीचा व्होल्टेज वजा हा उलटा व्होल्टेज, जे उरेल त्यावर जोर मिळतो. उरलंच नाही तर जोर शून्य. व्हील हातात उचलून मोकळं फिरवलं की ज्या वेगाला अडकतं तो हा फ्री-स्पिन वेग. व्होल्टेज जास्त असला की ही मर्यादा लांब जाते. ४२ने जाताना तुमच्यात आणि मर्यादेत किती अंतर आहे, त्यावर अचानक आलेला खड्डा पचणार की नाही ते ठरतं.

आणि ही मर्यादा बॅटरीबरोबर खाली येते. फ्री-स्पिन वेग व्होल्टेजच्या प्रमाणात असतो. १५१ ला जो असेल, तो १२२ ला ८१ टक्केच उरतो. चढावर व्होल्टेज आणखी सातने दबला तर ७६ टक्के. सकाळी घरून निघताना जे व्हील असतं ते संध्याकाळी परत येताना नसतं, दिसायला तेच असलं तरी.

शटल, तुम्ही रेंजसाठी नको, पण या मोकळ्या अंतरासाठी जास्त व्होल्टेजचं घ्या. फक्त आधी वॉट-तास बघा, मग व्होल्टेज.

शनिवारपेठी

वेताळटेकडी, तुम्ही लिहिलेलं ते अर्धं सेकंद मी ओळखतो. माझं ते पुढे गेलं. आजवर इथे लिहिलं नव्हतं, पण नवीन मुलं वाचतायत म्हणून लिहितो.

८४ व्होल्टचंच व्हील, तीन वर्षं जुनं. मित्राच्या कारखान्याच्या आवारात चालवत होतो, रविवार, सगळं बंद. २८ टक्के दिसत होते. वेग २५च्या आसपास, काही विशेष नाही. लोडिंगच्या धक्क्याकडे छोटा चढ होता, तिथे मी जोर दिला, म्हणजे पुढे झुकलो. त्याआधी एकदा बीप वाजला होता, मला वाटलं नेहमीचाच. पुढचं आठवतं ते एवढंच की पायाखाली काही नव्हतं. व्हीलचं नाक जमिनीला टेकलं आणि मी हात पुढे करून पडलो.

मनगटाचे गार्ड होते म्हणून मनगटं वाचली. कॉलरबोन गेलं. सहा आठवडे हात गळ्यात. आईने भात कालवून भरवला, चाळिशीच्या मुलाला. ती काही बोलली नाही, पण त्या सहा आठवड्यांत माझ्या डोक्यात फिरत होतं ते एकच : मी २८ टक्के वाचले आणि 'अजून पाव बॅटरी आहे' असं समजलो. खरं तर त्या जुन्या सेलांकडे, त्या चढावर, तेवढा जोर द्यायला काहीच शिल्लक नव्हतं.

व्हीलची चूक म्हणणार नाही. त्याने सांगितलं होतं. बीप वाजला की आधी वजन मागे घ्यायचं, विचार नंतर करायचा. आता ३५ टक्क्यांच्या खाली मी फक्त चालण्याच्या वेगाने नेतो.

मुठाकाठ

शनिवारपेठी, वाचताना अंगावर काटा आला. लिहिलंत ते फार चांगलं केलंत. काळजी घ्या.

सिंहगडप्रेमी

तांत्रिक प्रश्न, चालवायचा नाही. एवढी २५९२ वॉट-तासांची बॅटरी सिंहगडाचा घाट चढायला पुरेल का? दर रविवारी पायी चढतो, तेव्हा प्रत्येक वेळी डोक्यात येतं.

वेताळटेकडी

कागदावर करू. पायथ्यापासून चढ ७०० मीटर धरू. १२२ किलो × ९.८१ × ७०० = ८ लाख ३८ हजार ज्यूल, म्हणजे २३३ वॉट-तास. मोटर आणि कंट्रोलरमधलं नुकसान धरून २९०. घाटरस्ता ९ किमी धरला तर टायरचं घर्षण आणि थोडी हवा यासाठी आणखी १३०-१४०. एकूण ४३० च्या आसपास. म्हणजे बॅटरीचा सहावा भाग. पुरण्याचा प्रश्नच नाही.

अडचण दुसरीकडे येईल. हळू वेगात चढ चढताना बॅटरीतून करंट फार जात नाही, पण मोटरच्या वेटोळ्यांतून खूप जातो, कारण चढायला टॉर्क (फिरवणारा जोर) लागतो आणि टॉर्क करंटनेच मिळतो. बॅटरी थंड, मोटर आणि मॉसफेट तापलेले, असं होतं. घाटात व्हील थांबतं ते तापल्यामुळे. एरवी तो अरुंद रस्ता, रविवारची गर्दी आणि वर लिहिलेला कायदा, त्यामुळे पायीच जा. वरच्या भजी-पिठल्याची चवही पायी गेल्यावरच जास्त लागते.

सुसखिंड

उलटा प्रश्न. आमची सोसायटी उतारावर आहे, माझा फ्लॅट वरच्या टोकाला. रात्रभर चार्ज करून सकाळी निघालो की आतल्या उतारावर पहिल्या मिनिटातच व्हील बीप करतं आणि पेडल मागे झुकवतं. बॅटरी भरलेली, वेग कमी. दुकानदार म्हणाला सेन्सर बिघडलाय, बोर्ड बदलावा लागेल.

बॅटरीवाला भोसरी

बोर्ड बदलू नका, आधी हे करून बघा : ९० टक्क्यांवर चार्जर काढा आणि मग उतरा.

उताराला ब्रेक लावता तेव्हा मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत ढकलते. बॅटरी आधीच १५१.२ ला काठोकाठ असेल तर ती वीज जायला जागा नाही. व्होल्टेज मर्यादेच्या वर जातो आणि व्हील तुम्हाला थांबवतं. ते बरोबरच वागतंय. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर भरलेल्या बॅटरीवरही तोल जाऊ शकतो, हे लोकांना माहीत नसतं.

पण रोज ९० ला काढलं तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा आणि हिरवा दिवा लागल्यावरही दोन-तीन तास चार्जर राहू द्या, तुम्ही घरात जागे असताना. सेलचं बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीला आणणं) बहुतेक पॅकमध्ये वरच्या टोकालाच होतं. ते झालं नाही तर सिरीजमधल्या ३६ गटांपैकी (पॅरलल जोडलेल्या सेलांचे गट) एखादा मागे पडत जातो. एकूण व्होल्टेज छान दिसतो आणि तो एक गट चढावर आधी कोसळतो. शनिवारपेठींच्या जुन्या पॅकमध्ये हेच असण्याची दाट शक्यता आहे.

सुसखिंड

आज ८९ ला काढून उतरलो. एकदाही बीप नाही! बोर्डाचे पैसे वाचले. फार फार आभार.

हिंजवडी शटल

पावसाळ्यात काय करता? आमच्याकडे जून ते सप्टेंबर व्हील पार्किंगमध्येच असतं.

वेताळटेकडी

पावसात मी काढतच नाही. पॅकमध्ये पाणी शिरलं तर ते त्या दिवशी कळत नाही. आत गंज धरतो, महिन्याभराने चार्जिंगला लावल्यावर कळतं, आणि तेव्हा आग असते. चार महिने ठेवायचं तर ५०-६० टक्क्यांवर, कोरड्या जागी, दर महिन्याला व्होल्टेज बघून. भरलेली ठेवली तर सेल लवकर म्हातारे होतात, रिकामी ठेवली तर तळाला जातात. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाणी साचत असेल तर घरात आणा. आणि घरात आणलीत तरी बाहेर पडायच्या वाटेवर ठेवू नका.

पर्वतीपायथा

दादा, मी आधी व्यनि केला होता, आता इथेच लिहिते. माझं वजन ५४, हेल्मेट-गार्डसह ५८. व्हील तुमच्यासारखंच. तुमचे आकडे मला लागू होणार नाहीत असं वाटत होतं, म्हणून काकांची परवानगी घेऊन रविवारी त्याच लूपवर गेले. पूर्ण बॅटरी संपवायला वेळ नव्हता. हिरव्या दिव्यापासून सुरुवात, ३०च्या वेगाने २० फेऱ्या, घरी येऊन पुन्हा हिरव्या दिव्यापर्यंत चार्ज. मीटरवर ०.४८ युनिट.

तुमच्यासारखेच ९० टक्के धरले तर ४३२ वॉट-तास, २६ किमी. किलोमीटरमागे १६.६. एकूण वजन तुमचं १२२, माझं ९८, म्हणजे पाचवा हिस्सा कमी, आणि खर्च सातवा हिस्सा कमी. वजनाच्या प्रमाणात सरळ उतरला नाही. हवा अंगावर घेण्याचं वजनाशी नातं नाही म्हणून असावं.

टाकीच्या चढावर विसाव्या फेरीला व्होल्टेज २.६ ने दबला. तुमचा पाचव्या फेरीला ३.१ होता, पण तुमचा वेग जास्त होता, त्यामुळे तुलना बरोबर नाही हे मला कळतं.

वेताळटेकडी

ताई, अगदी नीट केलंय. नियम पाळलेत आणि काय जुळत नाही तेही लिहिलंत. एकच विचारतो, टायरमध्ये हवा किती होती?

पर्वतीपायथा

२८. माझ्या वजनाला ३४ फार कडक लागते, खडी उडाली की व्हील टणकन उसळतं.

वेताळटेकडी

मग तुमचा आकडा आणखी खाली यायला जागा आहे. हवा कमी असली की टायर जास्त चपटा होतो आणि घर्षण वाढतं, ते तुमच्या १६.६ मध्ये आलंय. येत्या शनिवारी मी माझी २८ करून २० फेऱ्या मारतो, तुम्ही ३२ करून बघा, खडी झाडून घेऊ. काकांशी बोललोय, सव्वासहाला गेट उघडं असेल. गेज मीच आणतो, दोघांना एकच लागेल.

पर्वतीपायथा

येते. झाडू मी आणते.